नोव्हेंबरात हिमालयात तंबू टाकायचाय, बर्फाचा भरवसा नाही: वऱ्हाडातल्या नवख्यांसाठी

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, कापसाचा पहिला वेचा घरात आला की आपल्याकडच्या पोट्ट्यांना आठ-दहा दिवस मोकळे भेटतात, आणि मंग दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच की भाऊ, नोव्हेंबरच्या शेवटी हिमालयात जाऊन राहिलो, बर्फ भेटेल का? मी चांदूर बाजारकडचा, घरी संत्रा आणि कापूस. या दिवसांत चार वेळा तिकडे स्वतःचा तंबू घेऊन गेलो. दोन वेळा नुसतं वाळलेलं गवत पाहून आलो, एकदा गुडघाभर बर्फात सापडलो आणि एकदा वर न जाताच परत फिरलो. म्हणून पहिलेच सांगतो, बर्फ भेटेल का हे विचारणं सोडा, नोव्हेंबरात त्याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. बर्फ पडला तर मी काय करणार आणि नाही पडला तर काय करणार, या दोन्हीची तयारी घरून करून निघा.

असं काहून होते ते समजून घ्या. मान्सून गेल्यावर तिकडे जो बर्फ पडतो तो पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालीमुळे पडतो, त्याला वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात, बातम्यांत ऐकलं असेल, कारण त्याच्याच मागोमाग आपल्याकडेही थंडी वाढते नाहीतर अवकाळी येते. नोव्हेंबरात अशी एक जोरदार प्रणाली आली तर एका रात्रीत फूटभर बर्फ, आणि नाही आली तर डिसेंबर अर्धा होईपर्यंत डोंगर तपकिरीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंडात असाच अचानक मोठा पाऊस झाला, वर बर्फाचं वादळ आलं, आणि हर्सिलहून छितकुलकडे जाणाऱ्या लमखागा खिंडीजवळ ट्रेकर लोकांचे जीव गेले. तो काही हिवाळा नव्हता, शरद ऋतूच होता.

जागा कोणती

पहिल्यांदा जाणाऱ्यानं खिंड ओलांडायचा रस्ता घेऊच नये. ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं खाली येता येईल अशी जागा पाहा, कारण बर्फ पडला की खिंडीच्या पलीकडे अडकलेला माणूस ना इकडचा ना तिकडचा. मी उदाहरणाला उत्तराखंडातलं केदारकांठा शिखरच घेतो, कारण ते मला माहीत आहे. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून डेहराडून, तिथून पहाटेची बस नाहीतर जीप पकडून सुमारे २०० किलोमीटर सांकरी गाव, पूर्ण दिवस जाते. रोख पैसे वाटेवरच्या पुरोला गावातच काढून घ्या. सांकरी साधारण १,९५० मीटरवर, तिथून जुडा का तालाब २,७७० च्या आसपास, वरचा कॅम्प ३,४३० च्या आसपास आणि माथा ३,८१० मीटर. आपलं चिखलदरा १,११८ मीटर आहे, म्हणजे अंदाज करा. हा सगळा भाग गोविंद पशु विहारात येतो, वनखात्याची परवानगी आणि फी लागते, आणि गावातला गाइड घ्याच. चार पैसे वाचवायसाठी गाइड टाळणारे मी पाहिले आहेत, वर ताज्या बर्फानं पायवाट झाकली की त्यांना काहीच कळत नाही.

दिवस किती

आपल्यासारख्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नको, पण सांगतो. पाऊस दगा देईल म्हणून आपण दुबार पेरणीचं बियाणं हिशोबात धरतो का नाही? तसेच दोन दिवस राखीव धरा. पहिल्या वेळी आम्ही परतीचं रिझर्वेशन एकदम तंग काढलं होतं, एक दिवस सांकरीत पावसात गेला आणि मंग तो दिवस भरून काढायच्या नादात आम्ही ढग दिसत असूनही वर निघालो, आणि जुडा का तालाबच्या वर आमच्यातला एक जण इतका गारठला की त्याला स्वतःच्या जॅकेटची चेन लावता येईना. चूक थंडीची नव्हती, त्या तिकिटाची होती. तेव्हापासून मी परतीचं तिकीट दोन दिवस पुढचंच काढतो, लवकर झालं तर डेहराडूनला थांबतो.

उंचीसाठीही दिवस लागतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, असा सर्वसाधारण नियम आहे. आपण तर सपाट वऱ्हाडातून, ३००-३५० मीटरवरून जाणारे. आणि जुडा का तालाबहून वरचा कॅम्प ६६० मीटर उंच, म्हणजे या नियमाहून जास्तच. म्हणून सांकरीत दोन रात्री, जुडा का तालाबला दोन रात्री, आणि मंगच वर. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं ही लक्षणं दिसली की वर चढायचं नाही, आणि चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्र असो की दिवस, खाली उतरायचं.

सिकलसेलची तपासणी, हे सोडू नका

बाहेरच्यांनी लिहिलेल्या माहितीत हे सहसा नसते, म्हणून मी थोडं लांबवून सांगतो. आपल्या विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या भागात आणि इकडे मेळघाटात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, खूप घरांत आहे. ज्याचा एसएस पॅटर्न आहे, म्हणजे ज्याला हा आजारच आहे, त्यानं उंचावर जाऊच नये, कमी ऑक्सिजन, थंडी आणि पाणी कमी पिणं या तिन्ही गोष्टींनी त्याचा त्रास उसळतो. पण एएस पॅटर्नवाले, म्हणजे वाहक, त्यांना एरवी काही होत नाही, कित्येकांना आपण वाहक आहो हे माहीतही नसते, वावरात दिवसभर काम करतात, कबड्डी खेळतात. अशा माणसालाही उंचीवर कधी कधी प्लीहेला रक्त कमी पडते आणि डाव्या बरगडीखाली भयंकर दुखते. ते गॅसचं दुखणं समजून लोकं वर चढत राहतात. तर निघायच्या महिनाभर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा, सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून पॅटर्न नक्की करा, एएस निघाला तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. आणि वर कोणाला डावीकडे दुखलं तर लगेच खाली. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्याही मित्राच्या सांगण्यावरून नका घेऊ, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यानं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हातही लावू नये.

कापूस घरी ठेवा

ज्या कापसावर आपलं घर चालते त्याच्याबद्दल असं बोलायला मला बरं नाही वाटत, पण बर्फात सुती कपडा अंगावर नको. सूत पाणी पिते आणि सोडत नाही, घामानं भिजलेली बनियान थांबल्याबरोबर अंगातली गर्मी ओढून घेते. जीन्स तर नकोच नको. अंगाला लागून पॉलिस्टर किंवा लोकरीचं पातळ, त्यावर फ्लीस किंवा आईनं विणलेलं लोकरीचं स्वेटर चालते, त्यावर पाणी-वारा अडवणारं जॅकेट, आणि थांबल्यावर घालायला एक फुगीर जाड जॅकेट जे चालताना घालायचंच नाही. चढताना थोडी थंडी वाजू द्या, घाम येऊ देऊ नका. मोजे लोकरीचे तीन जोड, त्यातला एक जोड फक्त झोपायचा, तो काहीही झालं तरी दिवसा घालायचा नाही. हातमोजे दोन जोड, कारण एक हरवतोच.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, आणि निघायच्या आधी महिनाभर तेच घालून वावरात फिरा, धुऱ्या-धुऱ्यानं, ढेकळांतून. नवा बूट घेऊन गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी फोडं घेऊन बसते. बुटाच्या खाली लावायचे काटे, ज्याला मायक्रोस्पाइक म्हणतात, आणि पायाला बांधायचे गेटर सांकरीत भाड्यानं भेटतात, पण दुकानातच आपल्या बुटावर चढवून पाहा, रबर तुटकं असेल तर बदलून मागा.

झोपायची तयारी जागलीत करा

स्लीपिंग बॅगवर डिग्रीचे दोन आकडे राहतात, कम्फर्ट, म्हणजे जिथवर आरामात झोप लागते, आणि लिमिट, म्हणजे जिथवर कशीबशी रात्र निघते. दुकानदार लिमिटचा आकडा सांगून विकते, तुम्ही कम्फर्टचा पाहा. किती लागेल त्याचा हिशोब सोपा आहे, दर १,००० मीटरला साधारण साडेसहा डिग्री कमी होते. सांकरीत रात्री ३ डिग्री असेल तर वरच्या कॅम्पला साडेनऊ डिग्री कमी, म्हणजे उणे ६ च्या आसपास, त्यात वारा. शून्य डिग्रीला ताशी ३० किलोमीटर वारा असला तर अंगाला उणे ६ सारखंच लागते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता, आठवत असेल, ती रात्र आपल्याला किती जड गेली होती. म्हणून उणे ५ ते उणे १० कम्फर्टची बॅग, आणि खाली जाड फोमची मॅट. नवखे लोकं महागाची बॅग घेतात आणि मॅट विसरतात, अन् थंडी जमिनीतूनच घुसते, अंगाखाली दबलेली बॅग गरम ठेवत नाही.

सराव कुठं करायचा तर तुमच्याच वावरात. हरभऱ्याला रोही आणि डुकरं लागतात म्हणून जागलीला जाताच ना, तर या खेपेला माळ्यावर वाकळ घेऊन झोपण्यापेक्षा खाली तंबू टाका आणि सगळं सामान वापरून एक रात्र काढा, जमलं तर रात्रीच्या लाइटीवर ओलित करून ओल्या पायानं येऊन अंधारात मोजे बदलून पाहा. (डुकराच्या वाटेवर तंबू नको, आणि सोबत कोणीतरी पाहिजेच.) मेळघाटच्या जंगलात मात्र परस्पर तंबू टाकू नका, तो व्याघ्र प्रकल्प आहे, परवानगीशिवाय चालत नाही आणि वाघ-अस्वलाचा धोकाही खराच. चढाचा सराव म्हणून परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट नाहीतर रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, पाठीवर १२ किलो घेऊन, आठवड्यातून तीनदा. पाठीवर वजन म्हणून पाण्याच्या कॅनी घ्या, उतरताना गुडघा दुखला तर पाणी ओतून देता येते.

स्टोव्ह, पाणी, खाणं

गॅसचे डबे इथून रेल्वेत नेऊ नका, ज्वालाग्राही वस्तू नेणं गुन्हा आहे, डेहराडूनला घ्या. साध्या ब्युटेनचा डबा शून्याच्या खाली गेला की पेटतच नाही, कारण उणे अर्ध्या डिग्रीला त्याचा वायू होणं थांबते. आयसोब्युटेन-प्रोपेन मिसळलेला डबा मागा, आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा. तंबूच्या आत बंद करून स्टोव्ह लावायचा नाही, कितीही वारा असो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. कोळशाची शेगडीही नाही.

बर्फ वितळवून पाणी करायची वेळ आली तर इंधन खूप जाते. बर्फाचं फक्त पाणी व्हायलाच जितकी उष्णता लागते तितक्यात तेच पाणी शून्याहून ८० डिग्रीला गेलं असतं, म्हणून दुप्पट इंधन धरा. भांड्यात पहिले थोडं पाणी, मंग त्यात बर्फ, नाहीतर भांडं करपते. दहा लिटर भुसभुशीत ताज्या बर्फाचं एक लिटर पाणी होते. बाटली रात्री उलटी ठेवा, बर्फ वरून धरते, त्यामुळे सकाळी तोंड मोकळं राहते. पोकळ धाग्यांचा पाण्याचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटते आणि बाहेरून कळत नाही, तोही बॅगेत. मोबाइल, बॅटरी, लायटर सगळं बॅगेत, हो, गर्दी होते.

तुरीची डाळ नेऊ नका. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ डिग्रीलाच उकळते, डाळ शिजता शिजत नाही. बेसन न्या, पिठलं दहा मिनिटांत होते, त्यावर जवसाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी. सातूचं पीठ, डिंकाचे लाडू, तीळगूळ, चिवडा, खिशात फुटाणे-गूळ. झोपायच्या आधी तूप-गुळाचं काहीतरी खाऊनच झोपा, अंग रात्रभर गरम राहते.

हवामान कसं पाहायचं

आठ दिवस आधीचा अंदाज फक्त पाहून ठेवा, त्यावर ठरवू नका. निघायच्या तीन दिवस आधीपासून हवामान खात्याचा उत्तराखंडचा बुलेटिन रोज वाचा, त्यात उत्तरकाशी जिल्हा (सांकरी त्यातच येते) आणि किती मीटरच्या वर बर्फ पडणार हा आकडा पाहा. यलो अलर्ट असला तर सांकरीत थांबा, ऑरेंज असला तर तंबू काढूच नका. मोठा बर्फ पडून गेल्यावर आकाश निळंशार होते आणि सगळ्यांना वाटते आता निघा, पण हिमस्खलनाचा धोका बर्फ पडताना आणि पडल्यावरच्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात जास्त राहते. ३० ते ४५ अंशाच्या उतारावरून किंवा त्याच्या खालून त्या दिवसांत जायचं नाही. राखीव दिवस याच्यासाठीच.

वाटेवरचा बर्फ

नोव्हेंबरातला सगळ्यात धोक्याचा बर्फ हा पांढरा नाही, न दिसणारा आहे. दिवसा झऱ्याचं पाणी वाटेवर पसरते, रात्री गोठते, सकाळी ते ओल्या दगडासारखं दिसते आणि पाय ठेवला की काच. सावलीतल्या, उत्तरेकडच्या उतारावर हे दुपारपर्यंत राहते. लाकडी पुलांवर तसंच. काठी टेकवून आवाज ऐका, कडक टक्क आवाज आला तर काटे लावा, आणि काटे लावायला थांबायचा आळस करू नका, मी त्याच आळसानं कोपर फोडून घेतलं आहे. माथ्यावर अगदी पहाटे जायचा ग्रुपवाल्यांचा हट्ट राहते सूर्योदयासाठी. ताजा बर्फ नसेल आणि वाटेवर असा काचेचा थर असेल तर ऊन पडल्यावर निघालेलं बरं.

नाल्यावर बर्फ साचून पूल झाल्यासारखा दिसला तर त्याच्यावर जायचं नाही, खालून पाणी वाहते आणि पोकळ राहते. ताज्या फूटभर बर्फाखाली दगडांच्या फटी झाकल्या जातात, पाय मुरगळते, म्हणून गाइडच्या पावलातच पाऊल. माथ्यावर वाऱ्यानं कडेला बर्फाची वळचण तयार होते, खाली काही आधार नसते, फोटोसाठी कडेला जाऊ नका.

आणि तलाव. जुडा का तालाबवर काठाला बर्फ धरलेला दिसला की पोट्टे त्याच्यावर उभे राहून व्हिडिओ काढतात. माणूस उभा राहायला कमीत कमी १० सेंटिमीटर जाड, स्वच्छ काचेसारखा बर्फ पाहिजे, पांढरट असेल तर त्याची ताकद अर्धी, वर ताजा बर्फ पडलेला असेल तर तो खालचं गोठणं हळू करते. काठाला जाड आणि मधात पातळ, असंच राहते. नोव्हेंबरात सरळ नियम करा, गोठलेल्या पाण्यावर पाय नाही. तरी कोणी आत गेलाच तर बाकीच्यांनी धावत जवळ जायचं नाही, काठावरून काठी, दोर, जोडलेले दुपट्टे फेका. पडलेल्यानं ज्या बाजूनं आला त्याच बाजूला तोंड करून, हात बर्फावर पसरून पाय पोहल्यासारखे मारत पोटावर वर यायचं, आणि उभं न राहता लोळत काठाकडे.

तंबू कुठं

आपल्याकडे दवाळ आणि गारठा खालच्या वावरातल्या पिकालाच जास्त लागते, उंच्यावरचं वाचते, कारण थंड हवा जड राहते आणि खोलगटात साचते. तिकडेही तेच. दरीच्या तळाशी, नाल्याच्या काठाला तंबू नको, थोड्या उंचवट्यावर, वाऱ्याला आडोसा असेल तिथं टाका, वर वाळलेलं झाड किंवा फांदी नाही ना ते पाहा. बर्फात साध्या खुंट्या धरत नाहीत, पिशवीत बर्फ भरून दोर बांधून पुरा आणि वरून पाय देऊन दाबा. रात्री बर्फ पडत असेल तर दर दोन तासांनी उठून आतून तंबू झटका, हवेची खिडकी उघडीच ठेवा. शेकोटी जंगलात पेटवू नका.

कोण गारठतंय ते ओळखा

थंडी लागलेला माणूस स्वतः सांगत नाही. तो चिडचिड करते, मागे पडते, बोलणं जड होते, हातातून वस्तू पडते. अंग थरथरते तोवर बरं, आणि ऊब न देता थरथर आपोआप थांबली तर ती सुधारणा नाही, हालत खराब झाली आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, बॅगेत टाका, बाजूला दुसरा माणूस झोपवा, शुद्धीवर असेल तर गोड गरम पाणी द्या. दारू अजिबात नाही, तिनं चामडीला ऊब वाटते पण अंगातली गर्मी बाहेर जाते. बोटं पांढरी-बधिर झाली तर चोळू नका, आगीवर धरू नका, काखेत धरा आणि खाली उतरा.

घरी ठेवायचा कागद

सांकरीच्या वर फोनचा भरवसा नाही, आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन भारतात बेकायदेशीर आहे, बाहेरून मागवू नका. माझी माय पहिल्या वेळी म्हणाली होती, "काहून जातं बाप्पा तिकडं, सांगून तरी जाय कुठं शोधाचं." तेव्हापासून मी एक कागद लिहून तिच्याजवळ आणि एक शेजारच्या काकांजवळ ठेवतो. त्यात सगळ्यांची नावं, रक्तगट, गाइडचा आणि सांकरीतल्या मुक्कामाचा नंबर, कोणत्या रात्री कुठं झोपणार, बर्फ पडला तर कुठून परत फिरणार, दुपारी किती वाजता कुठंही असलो तरी मागे वळणार (मी १२ लिहितो), आणि राखीव दिवस धरून कोणत्या तारखेला रात्री ८ पर्यंत फोन येईल. खाली मोठ्या अक्षरात लिहितो, त्या रात्री ८ पर्यंत फोन नाही आला तर पहिले गाइडला लावा, तो नाही लागला तर मुक्कामाच्या नंबरवर, आणि तिथूनही पत्ता नाही लागला तर त्यांनाच तिथून ११२ लावायला सांगा.